दम कोंडणारा ट्रेनिंग मास्क घालून व्यायाम करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळा, नाक-तोंड झाकणारा, पुढे दोन-तीन गोल झडपा असलेला हा मास्क हल्ली जिममध्ये, पोलीस भरतीच्या ग्राउंडवर आणि घाटात पळणाऱ्यांच्या तोंडावर दिसतो. विकताना त्याला ‘एलिव्हेशन मास्क’, ‘हाय अल्टिट्यूड मास्क’ किंवा ‘स्टॅमिना मास्क’ म्हणतात. त्याबद्दल सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत.

हा मास्क घातला की डोंगरावर, विरळ हवेत सराव केल्यासारखं होतं का?

नाही.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण अलिबागच्या किनाऱ्यावर जेवढं असतं तेवढंच लेहमध्येही असतं, जवळपास २०.९ टक्के. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो आणि साधारण ५,५०० मीटरवर जवळपास निम्मा होतो. दाब कमी झाला की फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोरच घटतो, आणि तो दिवसाचे चोवीस तास, झोपेतसुद्धा, घटलेला राहतो.

मास्क यातलं काहीच करत नाही. तो हवा आत येण्याची वाट अरुंद करतो, एवढंच. बारीक नळीने शहाळं प्यायलं तर पाणी तेच असतं, ओढायला मात्र जोर लागतो, तसाच हा प्रकार आहे. झडपेतून हवा ओढताना मास्कच्या आत दाब थोडा उतरतो, पण डोंगरावरच्या फरकापुढे तो किरकोळ आणि श्वास ओढण्यापुरताच असतो. श्वास सोडला की पुन्हा होतं तसं.

मग झडपांवर ३,००० फुटांपासून १८,००० फुटांपर्यंत आकडे कशाचे असतात?

भोकांच्या संख्येचे आणि आकाराचे, असंच समजा. बऱ्याच मास्कमध्ये बाजूला हवा आत घेणाऱ्या झडपा आणि मध्ये हवा सोडणारी झडप असते. आत घेणाऱ्या झडपांवर कमी-जास्त भोकांच्या टोप्या बसतात. चार भोकांची टोपी काढून एका भोकाची लावली की ओढायला जड जातं आणि ‘उंची’ वाढली असं सांगितलं जातं. १८,००० फूट म्हणजे जवळपास ५,४९० मीटर, एव्हरेस्ट बेस कॅम्पहूनही वर. सराव नसलेल्या माणसाला कोणी तिथे थेट नेऊन ठेवलं तर तो जिवावर बेतणारा प्रसंग ठरेल. टोपी बदलून ते होत नाही, यातच त्या आकड्यांचं उत्तर आलं.

पण मास्क घातल्यावर दम जास्त लागतो. म्हणजे फायदा होतच असेल ना?

बहुतेकांची फसगत होते ती इथेच, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

दम लागल्याची भावना मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि श्वासाच्या स्नायूंवरच्या ताणामुळे येते. ऑक्सिजन कमी पडण्याचा त्यातला वाटा बराच कमी असतो. मास्कच्या पोकळीत सोडलेल्या श्वासातली थोडी हवा राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत जाते. झडपेशी झगडताना छातीचे स्नायूही थकतात. दोन्ही मिळून ‘आज लय मेहनत झाली’ असं वाटतं.

आता पायांकडे बघा. विश्रांतीत आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोरात पळताना तीच गरज शंभर लिटरच्या पुढे जाते. मास्क एवढी हवा सहज येऊ देत नाही, म्हणून वेग आपोआप उतरतो. किलोमीटरला पाच मिनिटांनी पळणारा मुलगा सहावर येतो. दम तेवढाच, पण पायांचं आणि हृदयाचं काम कमी. निरोगी माणसाची दमदारी मुख्यतः हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि स्नायू त्यातला ऑक्सिजन किती वापरतात यावर ठरते. फुप्फुसात सहसा भरपूर जागा शिल्लक असते. म्हणजे मास्क घालून आपण जे मुळात कमी पडत नव्हतं त्यालाच त्रास देतो आणि जे वाढवायला हवं त्याचं काम कापतो.

यावर प्रत्यक्ष अभ्यास झाले आहेत का?

हो. सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास २०१६ सालचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेतला आहे. २४ जणांनी सहा आठवडे स्थिर सायकलवर जोरकस इंटरव्हल सराव (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून) केला, काहींनी मास्क घालून, काहींनी न घालता. दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती, तो आकडा) मास्कवाल्यांचंही होतं तिथेच राहिलं. सुधारणा इंटरव्हलने झाली होती.

त्याच अभ्यासात मास्क गटाच्या बाजूने जाणारी एक गोष्टही दिसली, ती लपवणं बरोबर नाही. श्वास ज्या टप्प्यावर एकदम वेगाने वाढू लागतो तो त्यांच्यात थोडा पुढे सरकला. त्यामुळे अभ्यासकांनी असं मत मांडलं की हे साधन उंचीची नक्कल करणारं नसून श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणारं असावं. आमचंही मत तेच आहे. फक्त त्या कामासाठी मास्कपेक्षा चांगलं साधन मिळतं. त्याबद्दल पुढे.

मास्कमुळे रक्त वाढतं का? लाल पेशी?

हिशोब करून बघा. उंचावर मूत्रपिंडांना ऑक्सिजनची कमतरता जाणवते, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि हाडांमधला मगज जास्त लाल पेशी बनवू लागतो. खेळाडूंवरच्या मोजमापांतून निघालेला ढोबळ नियम असा की साधारण २,१०० मीटरच्या वर राहिल्यास दर शंभर तासांमागे शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन सुमारे एक टक्का वाढतं. म्हणून उंचीचा सराव म्हणजे २,००० ते २,५०० मीटरवर तीन-चार आठवडे *राहणं*. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांच्या अभ्यासात धावपटू २,५०० मीटरवर राहिले आणि जोरकस सरावासाठी १,२५० मीटरवर उतरले. त्या गटाची कामगिरी सुधारली. ‘उंच राहा, खाली पळा’ ही पद्धत त्यातून रूढ झाली.

तुम्ही आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास मास्क घालता, म्हणजे दीड तास. शंभर तास भरायला सव्वा वर्षाहून जास्त लागेल. तेही मास्क खरंच उंची देतो असं धरलं तर.

हिमोग्लोबिन वाढवायचंच असेल तर आधी ते मोजा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. भरतीच्या तयारीतल्या कित्येक मुलींना दम लागतो तो यामुळे. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी) या दोन तपासण्या करा. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, जेवणावर लगेच चहाही नको, चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. या एका दुरुस्तीने भरतीच्या १६०० मीटर धावण्याच्या वेळेत जो फरक पडतो तो कुठल्याही मास्कने पडणार नाही.

मोठे खेळाडू मास्क लावून पळताना फोटोत दिसतात. ते काय मग?

नीट बघा. मास्कमधून नळी किंवा वायर यंत्राकडे जात असेल तर तो मोजमापाचा मास्क आहे. किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे त्यातून मोजतात. तो श्वास अडवत नाही, उलट शक्य तितका मोकळा ठेवलेला असतो. कधी नळीतून कमी ऑक्सिजनची हवा दिली जाते, तेही यंत्रच. खरोखर उंचीचा फायदा हवा असलेले खेळाडू उंचावर जाऊन राहतात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं उंचावरचं केंद्र हिमाचलात शिलारू इथे आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) धावपटू अविनाश साबळे उंचीच्या सरावासाठी अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जला गेला होता. मास्कने भागलं असतं तर एवढ्या लांब कोण गेलं असतं?

महाबळेश्वरला किंवा सिंहगडावर सराव केला तर?

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, सिंहगड सुमारे १,३०० मीटरवर. रक्तात बदल व्हायला ही उंची पुरत नाही. पण थंड हवा आणि चढ या दोन गोष्टींसाठी जरूर जा. घाटातल्या चढाने पायांना आणि हृदयाला खरं काम मिळतं.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी मास्क घालून राउंड मारू का?

मारू नका. ज्या वेगाने परीक्षा द्यायची त्या वेगाची पायांना सवय लावायची असते, आणि मास्क नेमका तो वेगच काढून घेतो.

समजा लक्ष्य ५ मिनिटं २० सेकंदांचं आहे. म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक राउंड ८० सेकंदांत. आठवड्यातून एकदा सहा राउंड ८०-८० सेकंदांत पळा, प्रत्येकामध्ये २०० मीटर अगदी हळू जॉगिंग. पहिला ७२ आणि शेवटचा ९२ सेकंदांत असं करू नका. सगळ्या ग्राउंडवर हीच चूक दिसते. सहाही राउंड दोन सेकंदांच्या फरकात आले की पुढच्या आठवड्यात मधली विश्रांती कमी करा, वेग वाढवू नका. दुसऱ्या एका दिवशी २० मिनिटं सलग, तुटक वाक्यं बोलता येतील इतक्या जोराने. एक दिवस ८ ते १० किलोमीटर निवांत, गप्पा मारत. एक दिवस चढावर ६० ते ८० मीटरचे आठ तुकडे, उतरताना चालत. उरलेल्या दिवसांत गोळाफेकीचा आणि ताकदीचा सराव, आणि किमान एक पूर्ण सुटी. आठ आठवड्यांत फरक घड्याळावर दिसतो. मुलींनी ८०० मीटरसाठी हेच २०० आणि ३०० मीटरच्या तुकड्यांत करावं.

श्वासाचे स्नायू खरंच मजबूत करता येतात का? कशाने?

येतात. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू हे दंडासारखेच स्नायू आहेत. अगदी कमाल जोराच्या व्यायामात शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी १० ते १५ टक्के एकट्या श्वासाच्या कामाला लागतो. हे स्नायू थकले की शरीर पायांचा रक्तपुरवठा आखडतं. त्यामुळे त्यांना बळ दिल्याने लांबच्या शर्यतींत थोडा फायदा दिसतो. तो काही टक्क्यांचा असतो आणि सगळ्यांना सारखा मिळत नाही.

यासाठी स्प्रिंगची झडप असलेलं, हातात धरायचं छोटं साधन मिळतं. ठरावीक जोर लावल्याशिवाय त्याची झडप उघडत नाही, म्हणून हळू ओढा नाहीतर जोरात, भार तेवढाच राहतो. मास्कमध्ये तसं नसतं, हळू ओढलं की भार नाहीसा होतो. दुसरं म्हणजे हा व्यायाम खुर्चीत बसून होतो, पळण्याचा वेग त्यापायी बुडत नाही.

पद्धत अशी. ताठ बसा, नाकाला चिमटा लावा. तोंडाने पूर्ण श्वास सोडून, मग झटक्यात आणि खोल आत ओढा, पोट-बरगड्या फुगल्या पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत. सोडताना सावकाश. असे ३० श्वास, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. भार तुमच्या कमाल ओढण्याच्या जोराच्या निम्म्याच्या आसपास हवा. मोजायची सोय नसेल तर तिसावा श्वास जेमतेम पूर्ण होईल इतका ठेवा. तीस सहज जमू लागले की भार एक पायरी वाढवा. चार ते सहा आठवड्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. चक्कर येत असेल तर तुम्ही फार भराभर ओढताय, दोन श्वासांमध्ये थांबा. सर्दी, कानदुखी, फाटलेला कानाचा पडदा, किंवा पूर्वी फुप्फुसातून हवा गळून ते दबलं असेल तर हे करू नका.

घरात श्वास ओढायचं तीन चेंडूंचं साधन पडलं आहे. ते चालेल?

ऑपरेशननंतर किंवा कोविडच्या काळात अनेकांच्या घरी ते आलं. ६००, ९०० आणि १२०० हे त्यावरचे आकडे सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली ते सांगतात. आजारात फुप्फुसाचे कोपरे उघडे राहावेत म्हणून ते दिलं जातं. धडधाकट माणूस तिन्ही चेंडू सहज वर नेतो, स्नायूंवर भार असा पडतच नाही.

आणि प्राणायाम?

मन शांत करायला, श्वास संथ आणि खोल करायला उत्तम. पण त्याने मास्कसारखा किंवा स्प्रिंगसारखा भार मिळत नाही, तेव्हा एकाच्या जागी दुसरं असं मोजू नका. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पोहण्याच्या तलावात भराभर श्वास घेऊन मग दम रोखून पाण्याखाली राहण्याचा सराव एकट्याने कधीही करू नका. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, वर येण्याची हाक उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपते.

जिममध्ये वजन उचलताना मास्क घातला तर?

काहीही मिळत नाही, उलट नुकसान. २०१८ साली स्क्वॉट आणि बेंच प्रेस करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात मास्कमुळे बारचा वेग घटला आणि लक्ष एकाग्र राहत नसल्याचं त्यांनीच नोंदवलं. जड डेडलिफ्टला आपण श्वास भरून पोट घट्ट करतो. झडपेतून तो श्वास भरायला वेळ लागला की मुलं अर्ध्या श्वासावर उचलतात आणि कंबरेला आधार राहत नाही.

चरबी लवकर जळते का?

नाही. काम कमी झालं की उष्मांकही कमीच खर्च होतात.

प्रदूषणासाठी एन-९५ घालतो. तोही असाच का?

त्याचं काम वेगळं. त्याची गाळणी धूळ अडवते, ट्रेनिंग मास्क बहुधा काहीच अडवत नाही. साध्या व्यायामाला एन-९५ निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही, पण घामाने भिजला की श्वास जड होतो, तेव्हा बदला. हवा फारच वाईट असेल त्या दिवशी जोराचा सराव घरात करा.

लेहच्या मॅरेथॉनला किंवा बेस कॅम्पच्या ट्रेकला जायचं आहे. तयारी म्हणून मास्क?

या प्रश्नाचं चुकीचं उत्तर धोकादायक ठरू शकतं. मास्कने उंचीची सवय लागत नाही, ‘मी १५,००० फुटांचा सराव केला आहे’ हा भ्रम मात्र लागतो, आणि मग माणूस डोकेदुखी, मळमळ अशा खुणांकडे दुर्लक्ष करतो.

लेह ३,५०० मीटरच्या आसपास आहे. मुंबई-पुण्याहून विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती आणि हळू चालणं. शर्यतीच्या आधी किमान सात ते दहा दिवस पोहोचा. ट्रेकमध्ये ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करा. डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न बघता खाली उतरा.

कोणी अजिबात घालू नये?

दमा, हृदयविकार, औषधानेही आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी. लहान मुलांना कधीच नको. घुसमटीची भीती वाटणाऱ्यांनीही हट्ट करू नये.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मुलांसाठी आणखी एक. या भागांत सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या रुग्णाने तर नाहीच, पण जो फक्त वाहक आहे आणि एरवी ठणठणीत आहे त्यानेही मास्क घालू नये. अतिश्रम, ऊन, शरीरातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजनची कमतरता एकत्र आली तर वाहकाच्या पेशीही विळ्यासारख्या होऊ शकतात, स्नायू विरघळू लागतात आणि माणूस मैदानावर कोसळतो. तुम्ही वाहक आहात का हे माहीत नसेल तर रक्ततपासणी करा आणि निकाल प्रशिक्षकाला सांगा.

बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलं, मास्कमध्ये ९३ दाखवतो. मग ऑक्सिजन कमी होतोच की!

पळताना किंवा मूठ आवळलेली असताना ऑक्सिमीटरचा आकडा भरवशाचा नसतो. बोट हललं की तो चुकतो. सायकलवर हात स्थिर ठेवून मोजलं तर मास्कमध्ये दोनेक टक्क्यांची घट दिसू शकते. ती बहुतांशी आपलीच उच्छ्वासाची हवा परत घेतल्याने आणि पुरेशी नवी हवा न मिळाल्याने येते, आणि मास्क काढताच भरून निघते. एवढ्याशा वेळात मूत्रपिंडं दखल घेत नाहीत.

मास्क घेऊन ठेवलाच आहे. फेकून देऊ?

फेकू नका, पण मुख्य सरावात आणू नका. वापरायचाच असेल तर स्थिर सायकलवर किंवा सपाट रस्त्यावर चालताना, आठवड्यातून दोनदा, सगळ्यात मोकळ्या टोपीवर. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, पुढे वाढवत जास्तीत जास्त वीस. पोटातून खोल ओढा, सोडताना ओढण्यापेक्षा जास्त वेळ घ्या. रहदारीत, एकट्याने आणि एप्रिल-मेच्या उन्हात नको. डोकं दुखू लागलं, बोटांना मुंग्या आल्या, नजरेच्या कडा अंधारल्या की लगेच काढा, थांबा आणि सुरक्षित जागी बसा किंवा आडवे व्हा. छातीत दुखलं तर डॉक्टरांकडे जा.

दाढी असेल किंवा नाकाच्या दांड्यापाशी फट राहत असेल तर हवा तिथूनच येते आणि झडपेचा काही उपयोग राहत नाही. झडपा तळहाताने झाकून ओढून बघा, मास्क गालाला चिकटला पाहिजे. प्रत्येक वापरानंतर टोप्या आणि आतल्या पातळ रबरी चकत्या काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत पूर्ण सुकवा. घामाचं मीठ सुकलं की चकती चिकटते. सोडणारी झडप चिकटली तर उच्छ्वास बाहेर जायला वाट राहत नाही, म्हणून घालण्याआधी फुंकर मारून ती उघडते का बघा. पावसाळ्यात बॅगेत ओला ठेवलात तर दोन दिवसांत बुरशी धरते. काळे ठिपके किंवा कुबट वास आला तर कापड बदला, बदलता येत नसेल तर तो मास्क टाकून द्या. दुसऱ्याचा मास्क कधीच घालू नका.